‘दे त्याला!’ : चार इंग्रजी शब्द आणि डेरेक बेंटलीची फाशी

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. वाक्प्रचार आले की वहीत मधोमध रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. मी स्वतः असाच शिकलो आणि बरीच वर्षं असंच शिकवलं. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. ‘लेट समवन हॅव इट’ हाही त्याच यादीत यायचा आणि उजव्या रकान्यात मी ‘झोडपणे, हल्ला करणे’ असं लिहून द्यायचो. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, याला ‘दे त्याला’ म्हटलं तर चालेल का? दोन्ही होतं त्यात.”

दोन्ही होतं खरंच. आणि हे ‘दोन्ही’ किती महागात पडू शकतं याचं इंग्लंडमधलं एक प्रकरण मला ठाऊक होतं, पण वर्गात मी ते कधी नीट मांडलं नव्हतं. त्यानंतर मांडायला घेतलं. मांडता मांडता माझंच त्याबद्दलचं मत बदललं, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

२ नोव्हेंबर १९५२, रविवारची रात्र. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन. तिथल्या टॅमवर्थ रोडवर बार्लो अँड पार्कर या मिठाईच्या व्यापाऱ्यांचं गोदाम होतं. सव्वानऊच्या सुमारास समोरच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला दोन पोरं फाटकावरून आत उड्या टाकताना दिसली. घरच्यांनी पोलिसांना कळवलं. ती दोघं तोवर पाण्याच्या पाइपवरून चढून सपाट छपरावर पोचली होती. एक डेरेक बेंटली, वय १९. दुसरा क्रिस्टोफर क्रेग, वय १६. क्रेगकडे नळी कापून आखूड केलेलं कोल्ट रिव्हॉल्व्हर होतं. बेंटलीच्या खिशात चाकू होता आणि बोटांत चढवायची लोखंडी मूठ होती. ती मूठ क्रेगनंच त्याला दिलेली. त्या रात्री बेंटलीनं यातलं काहीही वापरलं नाही.

साध्या वेशातले डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल फ्रेडरिक फेअरफॅक्स पाइपवरून वर चढले आणि त्यांनी बेंटलीला धरलं. बेंटली हिसडा देऊन सुटला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार नेमक्या त्याच क्षणी तो ओरडला, ‘लेट हिम हॅव इट, क्रिस!’ लगेच गोळी सुटली आणि फेअरफॅक्स यांच्या खांद्याला लागली. जखमी असूनही त्यांनी बेंटलीला पुन्हा पकडलं. त्यानंतर बेंटलीनं ना पळायचा प्रयत्न केला, ना झटापट केली. सुमारे पाव तासानं जास्तीची कुमक आली, आणि जिन्याचं दार उघडून छपरावर येणारे कॉन्स्टेबल सिडनी माइल्स, वय ४२, क्रेगची गोळी डोक्यात लागून जागीच कोसळले. त्या वेळी बेंटली पोलिसांच्या ताब्यात उभा होता. गोळ्या संपल्यावर क्रेगनं छपरावरून खाली उडी मारली. पाठीचा कणा मोडला, पण तो वाचला.

आता कायदा बघा. १८ वर्षांखालच्या मुलाला फाशी देता येत नव्हती. गोळी झाडणारा क्रेग त्यामुळे फासावर जाणारच नव्हता. बेंटलीच्या हातात पिस्तूल नव्हतं; पण दोघांचा बेत एकच होता आणि त्यानं गोळी झाडायला चिथावलं असं सिद्ध झालं, तर खुनाचा गुन्हा त्याच्याही माथी लागणार होता. आपल्याकडे भारतीय दंड संहितेचं जे कलम ३४ होतं आणि आता न्याय संहितेत जे ३(५) आहे, त्याच्याच जवळपासचा हा विचार. म्हणजे बेंटलीच्या मानेभोवतीचा दोर ज्या धाग्यांनी वळला गेला, त्यातला जाडजूड धागा म्हणजे ते चार शब्द आणि पाचवं नाव.

खटला ओल्ड बेली न्यायालयात ९ ते ११ डिसेंबर असा तीन दिवसांत आटोपला. सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड स्वतः बसले होते. ज्यूरी ७५ मिनिटांत परतली: दोघेही दोषी, बेंटलीबाबत दयेची शिफारस. १३ जानेवारी १९५३ ला अपील फेटाळलं गेलं. गृहमंत्री डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांनी दया नाकारली. सुमारे २०० खासदारांनी दयेच्या बाजूनं सह्या केल्या, पण संसदेत त्यावर चर्चा होऊ दिली गेली नाही. २८ जानेवारीला सकाळी ९ वाजता वाँड्सवर्थच्या तुरुंगात बेंटलीला फाशी दिली. क्रेग दहा वर्षं शिक्षा भोगून १९६३ मध्ये बाहेर आला.

आता त्या शब्दांकडे येऊ.

तिढा सगळा ‘इट’मध्ये आहे. इंग्रजीत सकर्मक क्रियापदाला कर्म लागतंच. सांगण्यासारखं कर्म नसेल तर तिथे ‘इट’ बसवतात. ‘हॅव इट आउट’ म्हणजे काय तो सोक्षमोक्ष लावणे. ‘हॅव इट इन फॉर समवन’ म्हणजे एखाद्यावर डूख धरणे. ‘आय हॅव हॅड इट’ म्हणजे आता पुरे, यापुढे सहन होत नाही. या तिन्हींत ‘इट म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्नच गैरलागू आहे. ती जागा रिकामी आहे, फक्त व्याकरण भरून काढण्यापुरती. ‘लेट हिम हॅव इट’ मात्र वेगळं. इथे ‘इट’ रिकामंही असू शकतं आणि समोरच्या वस्तूकडे बोटही दाखवू शकतं. जेवणाच्या टेबलावर आई थोरल्याला ‘लेट हिम हॅव इट’ म्हणते तेव्हा ‘इट’ म्हणजे शेवटचं बिस्किट. रस्त्यावरच्या मारामारीत तेच वाक्य ऐकू आलं तर ‘इट’ म्हणजे ठोसा. हातात पिस्तूल असलेल्याला उद्देशून म्हटलं तर? ‘ते त्याला देऊन टाक’ हेही झालं आणि ‘घाल गोळी’ हेही झालं.

मराठीला हे परकं नाही, म्हणून तर ती मुलगी पटकन तिथे पोचली. अंगणात बॅटवरून भांडण चाललं की आजी ओट्यावरून सांगते, “दे रे त्याला, लहान आहे तो.” आणि नाक्यावर दोघं जुंपले की घोळक्यातून आवाज येतो, “दे त्याला!” शब्द तेच. आपल्याला तर ‘इट’चीही गरज पडत नाही, कर्म सरळ गाळून मोकळे. ‘एक दिली ठेवून’ म्हटल्यावर ती एक कोण, हे कुणी विचारत नाही. क्रियापदाच्या ‘ली’वरूनच थोबाडीत समजते. फरक कळतो तो आवाजावरून. आजीचा ‘दे’ जरा रेंगाळतो, घोळक्यातला ‘दे’ तुटून पडतो. कागदावर उतरवला की दोन्ही सारखाच दिसतो.

भाषांतर करणाऱ्याची पंचाईत इथेच आहे. ‘ठोक त्याला, क्रिस’ लिहिलं की बेंटली दोषी ठरला. ‘देऊन टाक ते त्याला’ लिहिलं की निर्दोष सुटला. ‘दे त्याला’ हे एकच मराठी वाक्य मला असं सापडलं की ज्यात अनुवादक न्यायाधीश होत नाही. वर्गात मी त्या मुलीचं भाषांतर फळ्यावर लिहिलं आणि माझ्या वहीतलं ‘झोडपणे, हल्ला करणे’ खोडलं.

इथवरची मांडणी आकर्षक आहे आणि हे प्रकरण सहसा असंच सांगितलं जातं: एका संदिग्ध वाक्प्रचारानं एक पोर फासावर गेलं, बिचारा ‘पिस्तूल देऊन टाक’ म्हणत होता आणि ज्यूरीनं भलताच अर्थ घेतला. मीही आधी असंच सांगायचो. आता सांगत नाही, कारण खटल्यात काय घडलं ते बारकाईनं पाहिलं तर ही गोष्ट टिकत नाही.

पहिली अडचण. संदिग्धता हा बेंटलीचा बचावच नव्हता. ‘मी तसं म्हणालो, पण माझा अर्थ वेगळा होता’ असं तो एकदाही म्हणाला नाही. ‘मी तसं म्हणालोच नाही’ हे त्याचं म्हणणं होतं. क्रेगनंही न्यायालयात तेच सांगितलं आणि पुढे आयुष्यभर तेच सांगत राहिला. ते शब्द ऐकल्याची साक्ष दिली तीन पोलिसांनी: फेअरफॅक्स, मॅकडोनल्ड आणि हॅरिसन.

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. फेअरफॅक्स यांनी सांगितलेला घटनाक्रम खरा मानला, तर साधा, निरुपद्रवी अर्थ तिथे बसतच नाही. हिसडा, ओरडणं, गोळी, असा तो क्रम आहे. त्या क्षणापर्यंत ‘पिस्तूल दे’ असं कुणी मागितलेलं नाही. मागितलंच नाही तर ‘त्याला देऊन टाक’ कुठून येणार? ‘इट’नं बोट दाखवावं अशी वस्तू अजून बोलण्यात आलेलीच नाही. म्हणजे पोलिसांची साक्ष पूर्ण मान्य करून वर ‘अर्थ मात्र वेगळा होता’ असं म्हणणं, भाषेचा विद्यार्थी म्हणून, मला पटत नाही.

मग खरा प्रश्न अर्थाचा राहत नाही. ते वाक्य उच्चारलं गेलं का, हा तो प्रश्न. ‘याचे दोन अर्थ होतात’ असं म्हणून आपण बेंटलीची बाजू घेतो असं आपल्याला वाटतं. पण त्याच दमात, तो जे शेवटपर्यंत नाकारत होता ते आपण कबूल करून बसतो.

यात आणखी एक गोष्ट जोडली पाहिजे. १९४० मध्ये डरहॅम परगण्यात चोरी करणाऱ्या दोघांच्या हातून एका कॉन्स्टेबलचा खून झाला. मरणापूर्वी त्या कॉन्स्टेबलनं दिलेल्या जबाबात दोघांपैकी एकाच्या तोंडचं वाक्य होतं: ‘लेट हिम हॅव इट, ही इज ऑल अलोन.’ म्हणजे ‘दे त्याला, एकटाच आहे.’ त्या वाक्याच्या जोरावर, गोळी न झाडलेलाही फासावर गेला. ते प्रकरण कायद्याच्या निवाड्यांत छापलं गेलं. बारा वर्षांनी क्रॉयडनच्या छपरावर तेच चार शब्द. तरुण पोरांच्या बोलण्यात तो वाक्प्रचार तेव्हा रुळलेला होता, त्यामुळे योगायोग अशक्य नाही. पण गोळी न झाडलेल्याला खुनी ठरवायला कोणतं वाक्य पुरतं, हे तोवर इंग्लंडमधल्या पोलिसांना आणि वकिलांना ठाऊक झालेलं होतं, हेही तितकंच खरं.

आणि समजा, उच्चारलं. समजा, घातक अर्थानंच उच्चारलं. तरी ते फेअरफॅक्स यांच्याबद्दल होतं. माइल्स यांना गोळी लागली ती नंतर, बेंटली पोलिसांच्या पकडीत निमूट उभा असताना. पाव तासापूर्वीचा ‘हिम’ नंतर दाराआडून येणाऱ्या दुसऱ्याच माणसावर कसा लागू करायचा? ‘त्याला’ या सर्वनामाची मुदत किती असते? सर्वनामाचं उदाहरण म्हणून मी हे मुलांना विचारतो तेव्हा वर्गात शांतता पसरते.

न्यायालयात हा प्रश्न कुणी असा सोडवत बसलं नाही. गॉडर्ड यांनी ज्यूरीपुढे समारोप करताना ती लोखंडी मूठ हातात चढवून दाखवली. तिन्ही पोलिसांनी त्या रात्री कमालीचं शौर्य दाखवलं, तेव्हा ते धडधडीत खोटं बोलतात असं तुम्ही म्हणणार का, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी ज्यूरीला टाकला. शौर्य खरंच होतं. फेअरफॅक्स यांना पुढे जॉर्ज क्रॉस मिळाला. पण अंधारात, झटापटीत, गोळीच्या आवाजाबरोबर कानावर आलेल्या चार शब्दांबद्दल माणूस प्रामाणिकपणे चुकू शकतो, ही वाट त्या प्रश्नानं बंदच करून टाकली. उरले दोनच पर्याय: शूर पोलीस खोटारडे, नाहीतर बेंटली खुनी. ज्यूरी काय निवडणार हे उघड आहे.

खटल्यात दुसरा कागद होता बेंटलीच्या जबाबाचा. भाषेचा माणूस म्हणून मला तो वाक्प्रचारापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. जबाब ५८२ शब्दांचा आहे. बेंटलीनं तो आपणहून, सलग सांगितला, प्रश्न विचारले नाहीत, आम्ही फक्त उतरवून घेतला, असं पोलिसांनी शपथेवर सांगितलं. बेंटली म्हणाला, मला प्रश्न विचारत होते आणि उत्तरं लिहीत होते. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्या नावावरचा तो कागद त्याला वाचताच आला नसता.

बर्मिंगहॅम विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ माल्कम कुल्थार्ड यांनी १९९० च्या दशकात हा जबाब तपासायला घेतला. त्यांनी मोठे शब्द सोडून दिले आणि पकडला ‘देन’. आपला ‘मग’. ५८२ शब्दांत तो १० वेळा येतो, म्हणजे दर ५८ शब्दांमागे एकदा. सामान्य साक्षीदारांचे जबाब तपासले तर तिथे तो दर ९३० शब्दांमागे एकदा निघाला. पोलिसांच्या स्वतःच्या जबाबांत दर ७८ शब्दांमागे एकदा. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे त्याची जागा. बोलताना इंग्रज माणूस ‘देन आय’ म्हणतो. बेंटलीच्या जबाबात ‘आय देन’, ‘क्रिस देन’ अशी रचना पुन्हा पुन्हा येते. रोजच्या बोलण्याच्या नमुन्यांत ‘आय देन’ १,६५,००० शब्दांत जेमतेम एकदा सापडलं. ही बोली छपरावरच्या पोराची नव्हती, नोंदवहीची होती.

हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडचा कुठलाही जबाब काढा: ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की’, ‘सदर इसम’, ‘वरील मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो बरोबर आहे’. सदर इसम असं घरात कोण बोलतं? माझे काका बांधाच्या वादात एकदा अडकले. शेजारच्या शेतकऱ्याला ते म्हणाले होते, “मोजणीचं मी बघून घेतो.” म्हणजे भूमी अभिलेखच्या कचेरीत मीच खेटे घालतो, तू कामधंदा सोडून येऊ नकोस. कागदावर काय आलं? ‘तुला बघून घेतो, अशी धमकी दिली.’ मधला ‘मोजणीचं’ गळाला आणि ‘तुला’ आत शिरला. काकांनी सही केली, कारण वाचून दाखवताना ऐकायला सगळं ओळखीचं वाटलं. प्रकरण गावातच मिटलं. पण ‘बघून घेतो’ हा शब्द काकांनी पुढे कधी तोंडातून काढला नाही.

बेंटलीच्या जबाबात अशीच एक जागा आहे. छपरावर लपून बसल्याचं वर्णन चालू असताना मध्येच वाक्य येतं की, तो पिस्तूल वापरणार आहे हे मला माहीत नव्हतं. गंमत म्हणजे तोवर पिस्तुलाचा विषयच निघालेला नाही. आणि इंग्रजीत आहे ‘द गन’. त्या ‘द’मुळे पिस्तूल आधीपासून माहीत होतं असा भास होतो. मराठीत हे उपपद नसल्यानं भाषांतरात तो धोका दिसतही नाही. ते वाक्य म्हणजे मधल्याच कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असेल, तर त्याचा अर्थ निराळा होतो. सलग कथनातलं मानलं, तर पोरगं खोटं बोलताना सापडलं. जबाबाच्या शेवटी तर, क्रेगनं गोळी झाडेपर्यंत त्याच्याकडे पिस्तूल आहे हेच मला ठाऊक नव्हतं, असंही लिहिलंय. दोन्ही वाक्यं एकाच माणसानं सलग, आपणहून सांगितली असं मानणं मला फार अवघड जातं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा धरत नाहीत. इंग्रजांनी १८७२ मध्ये केलेल्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्येच ते होतं आणि आता साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र बेंटलीचा तो कागद ज्यूरीच्या हाती गेला.

वर्गात आता हे प्रकरण मी दोन तासिका घेऊन शिकवतो. आधी वाक्प्रचार, मग घटनाक्रम, मग जबाबातला ‘देन’. वाक्प्रचाराचा अर्थ ठरवताना वहीत आता चार गोष्टी लिहून घेतो: कुणी म्हटलं, कुणाला म्हटलं, त्याआधी काय झालं होतं, आणि ते म्हटल्याचं आपल्याला कुणी सांगितलं. चौथा प्रश्न मुलांना सुरुवातीला विचित्र वाटतो. परीक्षेत तो येत नाही. तरी मी आग्रहानं लिहून घेतो, कारण बेंटलीच्या बाबतीत सगळा खेळ त्या चौथ्याचा होता.

बेंटलीची थोरली बहीण आयरिस. आई-वडिलांबरोबर आणि त्यांच्यानंतर एकटीनं तिनं हा लढा चालवला: पत्रं, सह्या, मंत्र्यांच्या भेटी. १९६६ मध्ये डेरेकच्या अस्थी तुरुंगातून क्रॉयडनच्या दफनभूमीत हलवायची परवानगी मिळाली. जुलै १९९३ मध्ये फाशीच्या शिक्षेपुरती माफी मिळाली, दोष तसाच राहिला. आयरिसला ते मान्य नव्हतं. खून केलाच नाही तर माफी कसली, म्हणून ती पुन्हा कामाला लागली. ३० जुलै १९९८ ला लॉर्ड बिंगहॅम यांच्या अपील न्यायालयानं दोषसिद्धीच रद्द केली. गॉडर्ड यांच्या समारोपामुळे बेंटलीला न्याय्य खटला मिळाला नाही, या मुद्द्यावर तो निकाल उभा होता. त्या चार शब्दांचा अर्थ काय, यावर नव्हे. आयरिस हे ऐकायला नव्हती. जानेवारी १९९७ मध्येच कर्करोगानं ती गेली होती. त्या दिवशी न्यायालयात तिची मुलगी होती.